वापर कमी होता, गरज कमी नव्हती : आमच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

कंपनीचं व्यवस्थापन आणि मनुष्यबळ विभागातील सर्व वरिष्ठांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपला मेल आला. कामाच्या वेळा पुढेमागे करणं, आठवड्यातले काही दिवस घरून काम करणं, गरज पडल्यास काही काळ तास कमी करून घेणं, अशी जी सोय आपण सगळे 'फ्लेक्सी' म्हणून ओळखतो, ती या महिनाअखेरीस बंद होणार आहे. कारण एका ओळीत दिलं आहे : 'कर्मचाऱ्यांकडून अत्यल्प वापर.' त्याखाली आमच्या सहकार्याबद्दल आभार मानले आहेत.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण त्या अत्यल्प वापरात मीही मोजला गेलो आहे. ही सोय मी मागितली, मला मिळाली, आणि चार महिन्यांनी मी ती स्वतःहून परत केली. आपल्या नोंदीत माझ्या नावापुढे 'अर्ज मागे घेतला' एवढंच असेल. का घेतला, हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही. म्हणून ते इथे सगळ्यांसमोर लिहितो आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे फक्त आपल्याकडेच घडतं असं मला वाटत नाही. आतल्या लोकांना मी कोण हे ओळखायला वेळ लागणार नाही. त्याची तयारी ठेवूनच लिहायला बसलो आहे.

दीड वर्षापूर्वी माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय निकामी झाले. डॉक्टरांनी बजावलं होतं की सुरुवातीचे महिने व्यायाम चुकवू नका, जे परत मिळायचं त्यातलं बरंचसं याच काळात मिळतं. फिजिओथेरपिस्ट बाईंकडे आमच्यासाठी सकाळी नऊचीच वेळ मोकळी होती. त्या तासात घरचं एक माणूस हाताशी लागायचं. आईला उठवून बसवायला, पाय धरायला, ती घाबरली की तिच्या नजरेसमोर उभं राहायला. साडेनऊऐवजी अकराला येईन आणि संध्याकाळी दीड तास जास्त थांबेन, असा अर्ज मी केला. तीन दिवसांत मंजुरी आली. त्या दिवशी मला कंपनीबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली होती, हेही सांगायला हवं.

पण टीमची रोजची मीटिंग साडेनऊलाच राहिली. ती थोडी पुढे नेता येईल का, असं मी एकदा विचारून पाहिलं. 'एकासाठी सगळ्यांची वेळ बदलायची का?' असं उत्तर मिळालं. मग मी ती मीटिंग घरून फोनवर करू लागलो. दोन्ही हातांनी आईचा पाय धरलेला, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, आणि बाई हळू आवाजात एक, दोन, तीन मोजताहेत. माझी पाळी आली की मी एक हात सोडून म्यूट काढायचो. बाई मोजायच्या थांबायच्या. आईला वाटायचं व्यायाम संपला, आणि ती पाय खाली सोडून द्यायची. मग पुन्हा एकपासून सुरुवात. हे जवळजवळ रोज.

अकराला ऑफिसात पाऊल ठेवलं की कोणीतरी हसून म्हणायचं, 'आज हाफ डे का?' म्हणणारी माणसं वाईट नव्हती. आई आजारी आहे हे त्यांतल्या काहींना माहीतही होतं. पण तेच वाक्य रोज ऐकलं की ते अंगाला चिकटतं. मी अकराला येतो हे सगळ्या मजल्याला दिसायचं. मी साडेसातला निघतो हे फक्त दारावरच्या सुरक्षारक्षकाला दिसायचं.

वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये माझ्यापुढे शेरा होता : 'कामाचा दर्जा उत्तम. उपलब्धता वाढवण्याची गरज.' रेटिंग एक पायरी खाली आलं. कुठलं काम माझ्यामुळे अडलं, असं मी विचारलं. माझे मॅनेजर प्रामाणिक आहेत, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, 'अडलं काहीच नाही रे. पण तू सकाळी दिसत नाहीस, आणि वरचे विचारतात.' पुढच्या आठवड्यात मी अर्ज मागे घेतला. आईसाठी सकाळच्या वेळेला एक मदतनीस ठेवली. तिची आणि आईची घडी बसायलाच दोन महिने गेले.

आईचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. त्याचं खापर मी कंपनीवर फोडत नाही. मी जवळ असतो तरी कदाचित तो तेवढाच उचलला गेला असता. पण जवळ राहण्याची परवानगी माझ्या हातात होती आणि ती मला वापरता आली नाही, ही गोष्ट मनातून जात नाही.

आता आपल्या मेलमधल्या त्या ओळीकडे येतो. किती जणांनी सोय वापरली हे आपण मोजलंत, आणि ज्यांनी वापरली नाही त्या सगळ्यांना 'गरज नाही' या खात्यात टाकलंत. जपानचं उदाहरण पाहा. तिथे कायद्याने वडिलांना मूल साधारण एक वर्षाचं होईपर्यंत बालसंगोपन रजा घेता येते, इतकी उदार सोय फार थोड्या देशांत आहे. तरी २०१२ साली ती घेणाऱ्या वडिलांचं प्रमाण २ टक्क्यांच्याही खाली होतं. मग तिथल्या बापांना मुलं नकोशी होती का? २०१७ साली तिथे झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की अनेक पुरुषांना मनातून ही रजा योग्यच वाटत होती, पण इतर पुरुषांना ती पटत नसणार असं प्रत्येकाने धरून ठेवलं होतं. सगळे एकमेकांच्या न बोललेल्या मताला घाबरत होते. पुढे कायदा बदलला. २०२२ च्या एप्रिलपासून, मूल होणार असल्याचं कर्मचाऱ्याने सांगितलं की त्याला रजेची माहिती देऊन 'घेणार का?' असं विचारणं मालकावर बंधनकारक झालं. त्याच वर्षी बाळाच्या जन्मानंतर लगेच घेता येईल अशी वेगळी रजाही आली. २०२३ पासून हजाराहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना किती वडिलांनी रजा घेतली हे जाहीर करावं लागलं. २०२३ साली ते प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. दहा-अकरा वर्षांत बापाची माया पंधरापट वाढली नाही. विचारणारं कोणीतरी आलं आणि मागणाऱ्याची भीड चेपली.

आपल्याकडे विचारणं तर दूरच, मागणाऱ्याच्या वाटेत काय काय येतं ते सांगतो.

पहिली तक्रार अप्रेझलची. तीच सगळ्यात मोठी आहे, बाकीच्या तिच्या पोटातून येतात. 'उपलब्धता', 'पुढाकार', 'टीमशी बांधिलकी' हे निकष कागदावर चांगले दिसतात, पण ते भरताना माणूस किती वेळ नजरेसमोर होता हेच आठवतं. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१०-११ मध्ये आपल्या कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांतून काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून नऊ महिने घरून काम दिलं होतं. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही : कामाच्या मानाने बघितलं तर घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या. काम वाढलं तरी माणूस मागे राहिला. प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांतले बरेच जण आपणहून ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यामागचं मोठं कारण होतं, हेही मी लपवत नाही. पण समोर दिसलं नाही तर बढती हुकते, ही काळजी आम्हाला कोणी भरवलेली नाही. ती आम्ही आजूबाजूला बघून शिकलो आहोत.

दुसरी तक्रार लपवाछपवीची. माझ्या शेजारच्या रांगेत बसणारा एक सहकारी रोज संध्याकाळी पाचला निघतो. मुलाला पाळणाघरातून आणायचं असतं. निघताना तो जॅकेट खुर्चीच्या पाठीवर तसंच ठेवतो, वही उघडी, पेन वहीवर आडवं, स्क्रीन चालू. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं की पाणी प्यायला गेला असेल. रात्री मूल झोपलं की तो उरलेलं काम पुरं करतो आणि सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असतो. त्याने फ्लेक्सीचा अर्ज कधीच केला नाही. त्याचं रेटिंग उत्तम आहे, आणि ते त्याच्या कामाला शोभणारंच आहे. ताकाला जाऊन भांडं लपवावं लागतं, त्यातली ही गत. आम्हा दोघांनाही घरासाठी वेळ हवा होता. ज्याने तो लपून घेतला त्याचं काही बिघडलं नाही, ज्याने रीतसर मागितला त्याची पायरी उतरली.

हा योगायोग नाही. एरिन रीड या अभ्यासकाने अमेरिकेतल्या एका सल्लागार कंपनीत याचाच शोध घेतला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. गुपचूप आपल्या वेळा जुळवून घेणारे पुरुष आणि खरोखर रात्रंदिवस राबणारे पुरुष यांच्यातला फरक वरिष्ठांना कळतच नव्हता. दोघांनाही सारखेच चांगले शेरे मिळत होते. फटका बसला तो उघडपणे सवलत मागणाऱ्यांना. म्हणजे शिक्षा कमी कामाची नव्हती, खरं बोलण्याची होती. आपल्या मजल्यावर अशी जॅकेटं किती आहेत, हे आपल्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.

घरून काम करणाऱ्यांची गत वेगळी. त्यांना चॅटवरचा हिरवा ठिपका सांभाळावा लागतो. तो पिवळा पडू नये म्हणून जेवतानाही लॅपटॉप जवळ ठेवून मधूनमधून बोट फिरवणारी माणसं मी पाहिली आहेत. 'घरूनच आहेस ना, मग रात्री जरा बघून टाक' हेही ठरलेलं. वेळेची मोकळीक मागावी आणि चोवीस तासांचं बांधलेपण पदरी पडावं, असा हा व्यवहार होतो.

तिसरी तक्रार मांडताना मला राग येतो, तरी शांतपणे सांगतो. मी अर्ज केला तेव्हा एका वरिष्ठाने मला विचारलं, 'घरात कोणी बाई नाही का?' पुरुषाने सवलत मागितली की त्याच्या महत्त्वाकांक्षेवर शंका. बाईने मागितली की 'हे होणारच होतं'. आमच्याच विभागातली एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवरून परतली आणि सहा महिन्यांसाठी तिने तास कमी करून घेतले. पुढच्या मोठ्या प्रोजेक्टची नावं ठरत होती तेव्हा मी त्या खोलीत होतो. तिचं नाव निघालं आणि लगेच कोणीतरी म्हणालं, 'तिला नको आत्ता, तिला कुठे जमणार?' सगळ्यांनी मान डोलावली. त्यात तिची काळजी होती, दुष्टपणा कोणाच्याच मनात नव्हता. पण तिला विचारलं कोणीच नाही. मीही गप्प बसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते. सहा महिन्यांनी तिने पूर्ण वेळ काम सुरू केलं तेव्हा तो प्रोजेक्ट अर्धा पुढे गेला होता. वर्षाने तिने नोकरी सोडली. तिच्या राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' असं लिहिलं आहे.

चौथी गोष्ट थोडक्यात. ज्यांचं काम घरून होऊच शकत नाही, म्हणजे रिसेप्शन, गोदाम, सुरक्षा आणि पाळीवर चालणारा ग्राहक कक्ष, त्यांना ही सोय आपली वाटलीच नाही. त्यांना हवं होतं ते साधं होतं : पाळ्यांचं वेळापत्रक आधी कळावं आणि आपसांत पाळी बदलताना हांजी हांजी करावी लागू नये. धोरणात 'सर्व कर्मचारी' असा शब्द आहे. त्यांच्यापर्यंत तो पोहोचवायला कोणी गेलं नाही.

आणि शेवटची तक्रार, की सगळं काही मॅनेजर कोण मिळतो यावर सोडलेलं आहे. एकाच धोरणाखाली एका विभागात माणसं मोकळेपणाने वेळ बदलून घेतात आणि दुसऱ्या विभागात कोणी तोंड उघडत नाही. वरच्या मजल्यावरच्या एका विभागप्रमुखांनी आपल्या कॅलेंडरवर दर बुधवारी चारनंतर 'मुलीला आणायला जातो' असं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. 'खासगी' नाही, 'व्यग्र' नाही. त्यांच्या टीममध्ये ही सोय अनेक जण वापरतात आणि कोणाच्या खुर्चीवर उगाच जॅकेट नसतं. त्यांनी कुठलं वेगळं धोरण आणलेलं नाही.

वरच्या माणसाने स्वतः करून दाखवल्याने इतका फरक पडतो का? नॉर्वेत १९९३ साली वडिलांसाठी राखीव पितृत्व रजा सुरू झाली. तिच्यावर अर्थतज्ज्ञांनी केलेलं काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने रजा घेतली की दुसऱ्याने ती घेण्याची शक्यता ११ टक्के अंकांनी वाढत होती. रजा घेणारा वरिष्ठ व्यवस्थापक असेल तर हा परिणाम साध्या सहकाऱ्याच्या अडीचपट होता. कारण समजण्यासारखं आहे : रजा घेतल्यावर काय होतं हे लोक नियमपुस्तकात शोधत नाहीत, आधी घेतलेल्या माणसाचं काय झालं ते बघतात. आपल्याकडे लोकांनी माझं काय झालं ते पाहिलं.

मॅनेजर मंडळींवर सगळा दोष टाकणं मला मान्य नाही. त्यांचंही मूल्यमापन तुम्हीच करता. टीम 'दिसत' नसेल तर जाब त्यांना विचारला जातो. समोर नसलेल्या माणसाच्या कामाचं मोजमाप कसं ठेवायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही, मग ते खुर्च्या मोजतात. त्याच चिनी कंपनीने पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. आठवड्यातले दोन दिवस घरून, बाकी ऑफिसात. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. नोकरी सोडणाऱ्यांत एक तृतीयांश घट झाली, आणि या वेळी बढत्यांत किंवा शेऱ्यांत फरक पडला नाही. प्रयोगाआधी तिथल्या मॅनेजरांचा अंदाज होता की काम २.६ टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर त्यांचंच मत झालं की ते १ टक्क्याने वाढलं. त्यांचं मत भाषणाने बदललं नाही, अनुभवाने बदललं. आमच्या मॅनेजरांना तो अनुभव घ्यायला आपण वाव दिलेला नाही.

काही कामांना एकत्र बसावंच लागतं, नवा माणूस शेजारी बसूनच शिकतो, आणि सगळ्यांना सगळं देता येत नाही, हे मला कळतं. माझी मागणी तशी नाहीच. मी मागतो आहे ते असं :

महिनाअखेरीचा निर्णय थांबवा. निदान एक वर्ष तो पुढे ढकला, आणि मधल्या काळात निनावी पद्धतीने प्रत्येक कर्मचाऱ्याला दोन प्रश्न विचारा : तुम्हाला या सोयीची गरज होती का, आणि गरज असूनही वापरली नसेल तर का नाही? अर्ज मागे घेणाऱ्यांशी आणि 'वैयक्तिक कारणाने' नोकरी सोडून गेलेल्यांशी बोला. आलेली उत्तरं सगळ्यांना वाचायला द्या.

अप्रेझलमधून 'उपलब्धता' हा निकष काढून टाका. ठेवायचाच असेल तर कुठलं काम, कोणत्या दिवशी, कोणाचं अडलं हे लिहिल्याशिवाय त्याखाली गुण कापता येणार नाहीत असा नियम करा. सोय वापरणाऱ्यांचं आणि न वापरणाऱ्यांचं रेटिंग आणि बढत्या यांची तुलना दरवर्षी, कोणाचंही नाव न घेता, जाहीर करा.

ज्याची वेळ मंजूर झाली आहे, त्याच्या टीमची रोजची मीटिंग सगळे कामावर असतात त्या वेळातच ठेवा. मंजुरीच्या पत्रातच ही अट घाला.

अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या, आणि नाकारण्याआधी त्या माणसाशी एकदा बोला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अशी मागणी करता येते, मालकाला नाकारण्याआधी चर्चा करावी लागते आणि दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. नाकारण्याची मान्य कारणंही तिथल्या कायद्याने ठरवून दिली आहेत. आपल्याला इथे कायद्याची वाट बघायची गरज नाही.

पाळीवर काम करणाऱ्यांना वेळापत्रक किमान दोन आठवडे आधी मिळावं आणि आपसांत पाळी बदलण्याची सोपी पद्धत असावी.

आणि एक विनंती खास आपल्याला, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांना. आपल्यापैकी प्रत्येकाने पुढचे तीन महिने ही सोय स्वतः वापरावी, आणि कॅलेंडरवर कारणासकट लिहावी. वडिलांना डॉक्टरांकडे न्यायचं असेल तर तसं लिहा. आपल्यालाही आईवडील आहेत, मुलं आहेत, गुडघेदुखी आहे. आपण ते कुठे लपवता, हे आम्हाला माहीत नाही, पण लपवता हे माहीत आहे.

माझ्या आईच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पुढच्या महिन्यापासून सकाळी नऊची वेळ पुन्हा मोकळी होते आहे. अकरा वाजताच्या सुरुवातीसाठी माझा नवा अर्ज आज दुपारी सिस्टीममध्ये भरला आहे. सोय बंद होण्याआधी त्यावर लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपला,
दारावरच्या सुरक्षारक्षकाला साडेसातला भेटणारा एक कर्मचारी